तिसऱ्या गिअरचा आवाज

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात काम करतो. समोर आलेला प्रत्येक भाग खराबच आहे असं धरून हातात घ्यायचा, आणि चांगला निघाला तर नाइलाजानं पुढे सोडायचा. सुटी झाली की हा स्वभाव गेटवर ठेवून घरी यावं, असं बायको म्हणते. बजाजनगरला आल्यापासून इतकी वर्षं झाली, मला ते जमलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गाडीतून आवाज यायला लागला. तिसरा गिअर टाकला की पायाखालून बारीक घरघर. चौथ्यात बंद, दुसऱ्यात नाही, फक्त तिसऱ्यात. बायकोला ती ऐकू येत नव्हती. "तुम्हालाच बरं सगळं ऐकू येतं," ती म्हणाली आणि काच वर केली. मी काच पुन्हा खाली केली आणि मोजून पाच वेळा गिअर बदलून पाहिला. आवाज होता. आणि भावाकडून गाडी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मला पहिल्यांदा ऐकू आला होता. मला तेवढं पुरेसं होतं.

माझा धाकटा भाऊ पिशोरला शेती बघतो. बाबा त्याच्याकडेच असतात. त्यांच्या हृदयाची दर महिन्याला शहरात तपासणी असते, त्यात गुडघे गेलेले, त्यामुळे एसटीची पायरी चढणं म्हणजे त्यांना शिक्षाच. मला ड्युटी सोडता येत नाही म्हणून महिन्यातले चार दिवस गाडी भावाकडे असायची. तोच बाबांना आणायचा, दाखवायचा, परत न्यायचा. मी फक्त गाडी देत होतो आणि त्याचंच मोठं श्रेय घेत होतो.

मी डिकी उघडून पाहिली. चटईखाली मातीचं ढेकूळ आणि अद्रकाचा एक तुकडा सापडला. म्हणजे हा माझ्या गाडीतून अद्रकाची पोती वाहतो, तेही कच्च्या रस्त्यानं. मी तो तुकडा पुरावा म्हणून बायकोसमोर ठेवला. तिनं तो उचलला, धुतला आणि चहात किसला. "भावजींनी पिशवीभर अद्रक आणून दिलं होतं आपल्याला. तुम्हीच खाल्लं की," ती म्हणाली. मी चहा प्यायलो, पण माझा संशय काही हलला नाही.

पुढच्या खेपेला भाऊ गाडी न्यायला आला तेव्हा मी तयारीत होतो. तो आत पाणी पीत असताना बाहेर जाऊन मी मोबाइलवर मीटरचा फोटो काढला. गाडीखाली वाकून गिअरबॉक्सच्या बोल्टांवर पिवळ्या मार्करनं रेघा ओढल्या. आमच्या लाइनवर बोल्ट आवळल्यावर अशी रेघ ओढतात, नंतर कुणी हात लावला तर ती तुटते आणि लगेच कळतं. मी उठून हात पुसत होतो तेव्हा तो दारात उभा होता.

"काय झालं दादा?"

"काही नाही. ऑइल गळतंय का बघत होतो."

"व्हय," तो म्हणाला आणि किल्ली घेऊन गेला.

गाडी परत आली. रेघा जशाच्या तशा होत्या. मीटरवरचं अंतरही पिशोर, शहर, दवाखाना आणि परत, इतकंच निघालं. आवाज मात्र वाढला होता. आता तिसरा टाकताना दांडी जरा अडायची आणि खाली खर्रकन वाजायचं. कुणी शहाणा माणूस असता तर इथं थांबून विचार केला असता. मी ठरवलं की भाऊ माझ्यापेक्षा हुशार निघाला. फोन केला आणि सांगितलं, गाडीचं काम निघालंय, आता काही दिवस देता येणार नाही.

"बरं दादा," तो म्हणाला. "मी एसटीनं आणतो बाबांना. जय भीम." एकदाही त्यानं विचारलं नाही की काम किती दिवसांचं आहे.

दोन महिने बाबा एसटीनं आले. भाऊ त्यांना खाली उतरवायचा आणि मी स्टँडवरून दोघांना दवाखान्यात सोडून ड्युटीवर पळायचो. म्हणजे काम निघालेली गाडी रस्त्यावर धावतेय हे दोघांनाही दिसत होतं. कुणी काही बोललं नाही. फक्त एकदा पुढच्या सीटवर बसलेले बाबा माझ्या डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "दांडीला काहून धरून बसला रं? ती काय पळून चालली का?" माझं डोकं फिरलं. आयुष्यभर बैल हाकलेला माणूस मला गाडी चालवायला शिकवतोय. मी हात काढला नाहीच, उलट पकड घट्ट केली. हे आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

तिसऱ्या महिन्यात त्यांना घ्यायला स्टँडकडे निघालो आणि नगर नाक्याजवळ गाडीनं मान टाकली. तिसऱ्यातच अडकली. दांडी हातात सैल फिरायची, पण गिअर काही निघेना. मागून हॉर्न, शिव्या. मी भावाला फोन केला. वीस मिनिटांत तो रिक्षानं आला, बाबांसकट. त्यानं आधी बाबांना चहाच्या टपरीवरच्या बाकावर बसवलं. मग क्लच दाबून धरायला मला आत बसवलं आणि एकट्यानं ढकलत गाडी कडेला घेतली. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. त्या अवस्थेतही मी त्याच्या चेहऱ्यावर काही अपराधी दिसतं का ते शोधत होतो. तो बाबांना घेऊन त्याच रिक्षात दवाखान्याला गेला.

गाडी गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे ओढून नेली. गिअरबॉक्सशिवाय दुसऱ्या कामाला हात न लावणारा माणूस. मी सुटी टाकून स्टूल घेऊन त्याच्यासमोरच बसलो, चांगला भाग काढून जुना बसवतोय का बघायला. त्यानं ते ओळखलं, पण मनावर घेतलं नाही. गिअरबॉक्स उघडला, आतून दोन बोटांचा एक लोखंडी काटा काढला, पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. गिअरला पकडून सरकवतो तो हा काटा. एका बाजूनं घासून पात्यासारखा पातळ झाला होता आणि टोकाला तुटला होता.

"साब, गाडी चलाते वख्त बायाँ हात कां रैता आपका?"

मी काटा उजेडात धरला. असे झिजलेले भाग मी रोज बघतो. खड्ड्यानं अशी झीज होत नाही, पोत्यांच्या वजनानंही होत नाही. सतत, थोडा थोडा, एकाच बाजूनं दाब पडला तरच होते. दांडीवर हात ठेवून चालवलं की तो दाब थेट या काट्यावर जातो. तपासणीत येण्याआधी मी नऊ वर्षं लेथवर होतो. तिथं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की एक हात कायम लिव्हरवर पाहिजे, वेळेला मशीन बंद करता आली नाही तर बोटं जातील. माझी दहाही बोटं त्या सवयीनं वाचवली. तीच सवय मी गाडीत घेऊन बसलो होतो. भाऊ चार दिवस चालवायचा, उरलेले सव्वीस दिवस माझा हात.

गाडी नीट झाली त्याच्या पुढच्या रविवारी मी पिशोरला गेलो. सगळा रस्ता दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, तरी डावा दर दोन मिनिटांनी खाली जात होता. बाबा अंगणात खाटेवर होते. मी भावाच्या हातात तो तुटका काटा ठेवला आणि सगळं सांगितलं. आवाज माझ्यामुळे होता, मीटरचा फोटो काढून ठेवला होता, गाडी मुद्दाम थांबवली होती, संशय तुझ्यावर होता. त्यानं काटा उलटसुलट करून पाहिला.

"म्या वळखलं होतं दादा," तो म्हणाला. "तू गाडीखालून निघाला तव्हाच."

बाबांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मी किल्ली पुढे केली. म्हटलं, पुढच्या तपासणीपर्यंत गाडी इथंच राहू दे, मी एसटीनं जातो. तो नको म्हणेल असं वाटलं होतं. त्यानं बाबांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि किल्ली घेतली.

मग तो गाडीजवळ गेला, दार उघडलं, पण आत बसला नाही. खिशातून मोबाइल काढून आत वाकला, मीटरचा फोटो घेतला आणि उभ्या उभ्या काहीतरी दाबलं. रागानं नाही. पार्सल घेताना माणूस सही करतो तसं.

"तुला धाडलाय," तो म्हणाला. "गाडी आणून देतानी बी एक धाडीन."

माझ्या खिशात मोबाइल वाजला.