पडवीतला चुकणारा माणूस

"वळखलं!" असं म्हणून आबा हातातली वेताची पट्टी मांडीवर ठेवायचे, मान जराशी उजवीकडे कलती करायचे आणि हमखास चुकीचं नाव घ्यायचे. स्वयंपाकघरातल्या मावशी आल्या की "टपालवाला!" टपालवाला आला की "मावशी, आज च्या लवकर?" आणि मी आलो की "गुरांचा डॉक्टर!"

संस्थेत सगळे त्यांना आबा म्हणत. खरं नाव मी सांगत नाही. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची नावं चुकवली, त्याचं नाव मी बरोबर सांगणं शोभणार नाही.

आमची संस्था दिघीच्या अलीकडे, सुपारीच्या वाड्यांच्या मागे होती. कुणाला दिसत नव्हतं, कुणाचे पाय पोलिओने नेले होते, कुणाला घरच्यांनी 'थोडे दिवस' म्हणून आणून सोडलं होतं. मी तिथे कारकून म्हणून लागलो तो बरी नोकरी मिळेपर्यंत. ती मिळायच्या आत निवृत्त झालो.

पहिल्याच दिवशी मी माझी हुशारी दाखवली. खोल्यांपासून जेवणघरापर्यंत आणि तिथून विहिरीपर्यंत कमरेच्या उंचीवर सुंभाची दोरी ताणून बांधलेली होती. ज्यांना दिसत नाही त्यांनी ती धरून चालायचं, अशी तिथली पद्धत. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. कपडे वाळत घालायला काय झकास सोय आहे, असं म्हणत मी प्रवासातले मळलेले कपडे धुऊन त्यावर टाकले. थोड्या वेळाने जेवणाची घंटा झाली. दोरी धरून रांग निघाली आणि सर्वांत पुढे असलेल्या आबांचा हात माझ्या ओल्या बनियनवर पडला. त्यांनी ते चिमटीत धरलं, हुंगलं.

"वळखलं! बोंबील!"

"ताजा हाय का?" मागून कुणीतरी विचारलं.

"न्हाय वो, सुकायचाय अजून."

रांग हसत हसत जेवायला गेली. मी बनियन काढून घेतलं, पण पुढचे कितीतरी दिवस जेवायला बसलो की कुणी ना कुणी मला बोंबलाचा भाव विचारायचं.

आबा खुर्च्या विणायचे. त्यांची जागा पडवीच्या कोपऱ्यात, आत येणारा प्रत्येक माणूस जिथून जातो तिथे. कुणाचं पाऊल वाजलं की "वळखलं!" आणि मग चुकीचं नाव. चुकल्याचं ते कधी कबूल करत नसत. समोरच्यालाच खोटं पाडत. गुरांचा डॉक्टर हे मला जरा लागलंच होतं. माझी चाल ऐटबाज आहे असा माझा समज होता. बायको बदकासारखी म्हणते, पण ती घरचं माणूस.

"अहो आबा, मी ऑफिसातला!"

"ऑफिसातला येवढा फरफटत चालतो काय? गप बसा डॉक्टर. आमच्या म्हशीला काय झालंय ते सांगा."

"तुमच्याकडे म्हैस कुठे आहे?"

"म्हणूनच तर इचारतो. गेली कुठं ती?"

अशी रोजची अर्धी सकाळ. मला वाटे, माझ्यासारख्या परोपकारी माणसाने या म्हाताऱ्याला थोडं शिकवलं पाहिजे. म्हणून एकदा मी चपलेला घुंगरू बांधून आलो. दुरूनच छुमछुम करत पडवी चढलो. आबांनी मान कलती केली.

"वळखलं! बकरी सुटली कुणाची तरी. धरा, धरा!"

दोघंजण खरंच धरायला आले. मी घुंगरू सोडून खिशात घातलं.

अशी बरीच वर्षं गेल्यावर एका दुपारी मी पडवीच्या खांबाला टेकून डुलक्या घेत होतो. मी तिथे आहे हे आबांना ठाऊक नव्हतं, निदान मला तरी तसं वाटलं. वाडीच्या बाजूने मावशी येत होत्या. आबा स्वतःशीच पुटपुटले, "मावशी. गुडघा दुखतोय आज तिचा." आणि मावशींनी पायरीवर पाऊल ठेवताच मोठ्याने, "वळखलं! टपालवाला!"

"मेल्या, कान फुटले काय तुझे?" म्हणत मावशी तिथेच फतकल मारून बसल्या. मग गुडघा, मग सुनेचं गाऱ्हाणं, मग महागलेला नारळ. चांगला तासभर.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "आबा, तुम्हाला सगळं बरोबर कळतं!"

ते दचकले नाहीत. पट्टी ओवत म्हणाले, "बरोबर सांगितलं का मानूस 'वा वा' बोलतो नि निघून जातो. चुकलो का भांडाया बसतो. भांडाया बसला म्हंजे बसला की नाय?"

मी इतकी वर्षं त्यांना सुधारत होतो. ते मला बसवत होते. मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भांडायला बसलो, जरा जास्तच जोरात.

मग एका वादळात पत्रे उडाले, अर्धी भिंत पडली, आणि संस्था काही पुन्हा उभी राहिली नाही. एकेकाला दुसरीकडे नेलं. आबांना न्यायला उरणहून पुतण्या आला. माणूस चांगला होता. आबांनी त्याला एकच गोष्ट विचारली, "तिथं पडवी हाय?"

"गॅलरी आहे काका. तिसऱ्या मजल्यावर."

आबांनी अर्धी विणलेली खुर्ची सोबत घेतली.

काही महिन्यांनी मी भेटायला गेलो. खाली कंटेनरचे ट्रक एकामागून एक धडधडत होते. जिना चढलो, दारात पाऊल ठेवलं, आणि गॅलरीतून माझं नाव आलं. बरोबर. आडनावासकट.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. इतकी वर्षं ज्या नावासाठी भांडलो ते मिळालं, आणि ते मला नकोसं झालं. जवळ गेलो तर आबा हळूच म्हणाले, "चुकीचं बोललो नि तुमी भलतं घर समजून परत गेलाव तर? हितं कोन थांबत न्हाय वो. गाड्या वळखतो मी सगळ्या, पर त्या भांडत न्हाईत."

मला कधी वेळेवर काही सुचत नाही. त्या दिवशी सुचलं.

"चुकलात आबा! मी गुरांचा डॉक्टर आहे."

त्यांची मान कलती झाली. चेहरा असा खुलला की काय सांगू. "खोटं! डॉक्टर असा फरफटत चालतो काय?" संध्याकाळ होईपर्यंत आम्ही भांडलो. पुतण्याच्या बायकोने दोनदा येऊन पाहिलं, खरंच जुंपली की काय म्हणून.

त्यानंतर पुन्हा भेट झाली नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं.

परवा संस्थेकडे पाय वळले. विहिरीत पिंपळ उगवलाय. दोरी कुजून गेली, तिचे गंजके आकडे खांबांवर आहेत. डोळे मिटून आकड्यांच्या अंदाजाने जेवणघर गाठून बघावं म्हटलं, तर तिसऱ्याच पावलाला कपाळ खांबावर आपटलं. आवाज ऐकून शेजारच्या वाडीतला एक म्हातारा कुंपणापलीकडून ओरडला, "कोन हाय रं तिकडं?"

तोंडातून निघून गेलं, "गुरांचा डॉक्टर!"

"बरं झालं देवा! आमची गाय दोन दिस खात न्हाय. चला."

"अहो नाही, मी डॉक्टर नाही हो. मी इथला कारकून."

"मंग डॉक्टर कशापायी बोललाव?"

तो कुंपणाच्या फटीतून तावातावाने आत आला. मी समजावत राहिलो, त्याला पटेना. भांडता भांडता आम्ही पडवीत बसलो, आणि मग त्याने गाईचं सगळं सांगितलं, मुलाचंही सांगितलं. कोपऱ्यातली जागा आम्ही दोघांनी रिकामी सोडली होती.