निरवांगीचं गायरान

निरवांगीच्या सोनबा धनगराला मत नव्हतं. ज्याच्या नावावर सरकारी सारा भरणारी जमीन, त्यालाच लोकल बोर्डाच्या निवडणुकीत मत. आणि सोनबाकडं होती मेंढरं, एक घोंगडं अन् फटकळ जीभ. तरी १९३५ सालच्या त्या निवडणुकीत पायाला भिंगरी लावून फिरला तो सोनबाच. एक उमेदवार गायरान मोडून ऊस लावा म्हणत होता, तर दुसरे, मोहनराव, गायरान राखू म्हणत होते. गायरान गेलं की सोनबाचा कळप गेलाच म्हणायचा.

उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की सोनबा शेताशेतांत मेंढरं बसवायचा. रात्रभर कळप बसला की वावरात लेंडीखत पडायचं, आणि मालक त्याबदल्यात ज्वारी द्यायचा. त्या साली सोनबानं ज्वारी घेतली नाही. "मत मोहनरावांना द्या, मेंढरं फुकट बसवतो," असं तो दारोदार सांगत सुटला. युक्ती नामी होती, त्यालाच तिचं मोठं कौतुक. शेवटी राहिले आप्पासाहेब. ते गावचे मोठे बागायतदार, आणि भावकीची सगळी मतं त्यांच्या शब्दावर.

त्यांच्या रानाकडं कळप नेताना वाटेत तानूबाई आडवी आली. बिचारी विधवा, दुसऱ्याचा तुकडा वाट्यानं करायची. दरसाल मेंढरं आधी तिच्याकडं बसायची.

"सोनबादादा, यंदा माझ्या वावराला इसरलास व्हय?"

"आक्का, मतं हुंद्यात. मग बघू."

"मला मत न्हाय म्हनून?" ती शांतपणे म्हणाली. "मत तुला तरी कुठं हाय?"

सोनबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मत नाही म्हणून आपल्याला कुणी विचारत नाही, ही त्याची जन्माची तक्रार. आणि आज तो स्वतः तेच करत होता. त्यानं मुकाट्यानं कळप तिच्या तुकड्यात वळवला.

मग तो आप्पासाहेबांच्या ओसरीवर गेला. "खत दाखवून मत मागितलं, ही माझी चूक झाली. मेंढरं आज आदी तानूबाईच्या वावरात बसवली. आता निस्तं सांगतो. ऊस चार घरांचा, गायरान समद्या गावाचं. ते ऱ्हायलं तर तुमच्या रानाला खत हाय, तानूबाईच्या बी हाय, अन् माझी लेकरं बी जगत्यात. मत देताना एवढं ध्यानात धरा."

"म्हंजे आमच्या आधी तिचं रान?" आप्पासाहेब म्हणाले. बाकीचं त्यांच्या कानात शिरलंच नाही.

मोहनराव पडले. गायरानावर नांगर फिरला. सोनबानं मेंढरं विकली आणि त्याच जमिनीत तो मजुरीनं उसाला पाणी धरू लागला.

दोन-तीन वर्षांत लेंडीखताविना आप्पासाहेबांचं रान पिकाला दमलं. एके दिवशी ते स्वतः बांधावर आले.

"सोनबा, कुठनं तरी मेंढरं आन बाबा. मागशील तेवढी ज्वारी देतो."

सोनबानं फावडं थांबवलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"आनतो की, आप्पासाहेब. पन चारू कुठं?"