राणीच्या डोक्यावरचा हात

हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, सख्ख्या मायलाबी न्हाई. आज तुमी समोर बसलाव म्हणून — जाऊ द्या, सांगतेच.

गावात माझं नाव लई चांगलं हाय. भाऊ दारूनं गेला, भावजय ऊसतोडीला, आन् ह्या आत्यानं दोन्ही लेकरं पोटच्यासारखी वाढवली, असं बाया म्हणतेत. दिंद्रुडला बचत गटाच्या बैठकीत मला उभं करून इचारलं, बाप गेलेल्या लेकरांना धीर कसा दिलाव? मी म्हणले, लेकरांना बोलतं करावं. बायांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! तोंड वर करून ऐकल्या मी.

भाऊ मेला त्या दुपारी माझ्या दारात आलता. भावजय कर्नाटकात फडावर, लेकरं माझ्याजवळ. झुलत उभा ऱ्हायला. पोरांचं तोंड बघू दे, मंग जातो — एवढंच म्हणला. माझं डोस्कंच फिरलं. किती वर्षं सोसायचं ह्याचं? चुलीजवळचं दांडकं उचललं आन् हाणलं. पाठीवर, मांडीवर, आडव्या धरलेल्या हातावर. उठला की परत हाणलं. जा, मर तिकडं, म्हणले आन् कडी लावली.

तिन्हीसांजेला लोकांनी त्याला पाराजवळून उचलून आणलं. डॉक्टर म्हणले, लिव्हर गेलतं, आज न् उद्या व्हणारच व्हतं. वळांचं कुणी इचारलं न्हाई. दारुड्याच्या अंगावर वळ असतातच की.

तेरावं झालं. पाण्याची घागर घिऊन आले तर लेकरं अंगणात खेळत व्हती. पवन दुसरीत, राणी अंगणवाडीत. पवन झुलत यायचा, पोरांचं तोंड बघू दे म्हणायचा. राणी काडीनं हाणायची — जा, मर तिकडं. तो पडायचा. मंग ती त्याचा हात धरून त्याला उठवायची, पप्पा उठले म्हणून हसायची, आन् परत पहिल्यापासून.

मला कळलं न्हाई म्हणू? कळलं. चांगलं कळलं, लेकरं बापाला उठवत व्हती. पण भावजय घरात बसलेली. तिच्या कानावर गेलं तर?

पवनला गोठ्यात फरफटत नेलं. तोंडात पदराचा बोळा कोंबला. त्याच दांडक्यानं मारलं, मुतला तरी मारलं. मंग राणीला आणलं आन् त्याचा हात तिच्या डोक्यावर दाबून धरला.

"कुणाला सांगितलंस तर ही मरंल. म्हण, पप्पा आलेच न्हवते."

म्हणला तो.

सांजच्याला भावजयीनं त्याला इचारलं, पप्पा शेवटचं भेटायला आलते का रं? आलेच न्हवते, म्हणला. तिनं मेलेल्या नवऱ्याला शिव्या घातल्या आन् मंग लई रडली. मी तिला पाणी दिलं.

राणी आता दहावीला हाय. तिला त्यातलं काय आठवत न्हाई. पित्तरपाठात बापाच्या नावाचं ताट वाढलं की ती उठून जाते. मागल्या साली म्हणली, "मरताना ज्याला आमचं तोंड बघावं वाटलं न्हाई, त्याच्या नावानं मी जेवणार न्हाई."

पवन शेजारीच बसलेला. मिसरूड फुटलंय आता. त्यानं राणीकडं बघितलं, मंग खाली मान घातली आन् आपलं ताट माझ्याकडं सरकवलं.

मी वाढलं.