मध्यंतरातला चहा

रोह्याच्या थिएटरात एका वेंधळ्या गुप्तहेराचा इंग्रजी विनोदी सिनेमा लागला होता, म्हणून एका रविवारी मी पेणहून मुद्दाम गेलो. शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवरा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ताठ बसला होता. गुप्तहेर गालिच्यात अडकून आडवा झाला, सगळं थिएटर हसलं, हा मात्र हलला नाही. बायको पडद्याकडे न बघता त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

माझी नजर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "धाटावला कंपनीत आग लागली, तवा यांच्या डोळ्यांदेखत कामावरचा जोडीदार गेला. तवापासून शिफ्टला जातात, येतात, पन बोलत नाय. शेजारीण म्हनली, हसायचा पिक्चर दाखव."

तेवढ्यात चोराच्या मागे धावताना गुप्तहेराचं दार चुकलं आणि तो थेट हौदात पडला. वर येऊन त्याने ओली टोपी काढून आदबीने सगळ्यांना सलाम केला. शेजारून आवाज आला. मला वाटलं, ठसका लागला. पण तो हसत होता. हात सोडवून त्याने तोंड झाकलं, तरी खांदे गदगदतच राहिले. बायकोने पदराने डोळे पुसले.

मध्यंतरात दिवे लागले. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "गो, चाय पितेस?"

ती लगबगीने उठून उभी राहिली. मग म्हणाली, "व्हय, पिते."

जाताना तो माझ्यापाशी थांबला. "दादा, जागा बघा हां. पुढचा बघायचा हाय."

मी माझी पिशवी त्यांच्या खुर्च्यांवर आडवी ठेवली.