आधी डोंगा ठोकणारी

दळण घेऊन चक्कीवर गेलो होतो. शेजारची पोरगी धावत आली, म्हणाली, "आबाजी, घरी चला." पिठाचा डबा तिथेच राहिला... माझी बायको कौसल्या चुलीजवळ भिंतीला टेकून बसल्या बसल्याच गेली होती. भात मात्र उतरवून ठेवला होता. जळू दिला नाही. लोक म्हणतात, भाग्याचे मरण. असले बोलणे मला आवडत नाही. गेली ती गेली.

ती सिहोऱ्याकडची. आम्ही ढिवर, वैनगंगेवर मासळी धरणारे. आमच्या गावात बायका मासळी विकत, पण डोंग्यात बसत नसत. डोंगा म्हणजे एका लाकडात कोरलेली अरुंद होडी. एकाने पुढे बसून वल्हवायचे, दुसऱ्याने मागून जाळे सोडायचे. माझा भाऊ मँगनीजच्या खाणीत कामाला लागला आणि पुढची जागा रिकामी झाली. हिने कासोटा आवळला आणि जाऊन बसली. घाटावरचे म्हातारे ओरडले, तर म्हणाली, "मंग तुम्ही या जी. बसता का पुढे?" कोणी आले नाही. पाणमांजरेही मला तिनेच दाखवली. तोवर मी मासळीशिवाय पाण्यात काही पाहतच नव्हतो. धुक्यात डोंगा आवाज न करता डोहात शिरला, तर अगदी जवळ तीन-चार डोकी वर आली. मिशांतून पाणी गळत होते. एक तर छाती काढून उभेच राहिले आणि आम्हाला न्याहाळू लागले. वल्हे मांडीवर ठेवून ही हसत होती. "अजी, पाहा नं! तुमच्या मामीवानी पाहून राहिलं." खरेच तसेच पाहत होते. मी म्हणालो, "जाळं फाडते ते. लाड नोको करू."

नायलॉनचा धागा तेव्हा नवीनच आला होता. तिने उन्हाळाभर बसून जाळे विणले, बोटे सोलून घेतली. थोड्याच दिवसांत एका सकाळी ते ओढताना जड लागले. वर आले ते पाणमांजर, मानेपर्यंत गुंडाळलेले, दम संपत आलेले. काठावर दोन पिल्ले किंचाळत होती. मी म्हणालो, "वल्हं हाण डोक्यावर, जाळं तरी वाचन." तिने विळा काढला आणि जाळेच कापायला लागली.

"काय करून राहिली वो! उन्हाळाभराची मेहनत आहे तुही!"

"माहीच आहे नं? मंग कापू द्या मले. तुम्ही त्याचं तोंड पाण्यावर धरा."

डोंगा डुलत होता. मी धरले. ते तिच्या अंगठ्याला कडकडून चावले. तिने तोंडभरून शिवी दिली, पण हात काढला नाही. शेवटचा धागा तुटला आणि ते गेले. मागे वळून पाहिलेही नाही. मी म्हणालो, "उपकार मानले का त्यानं?" म्हणाली, "तुम्ही कधी मानले जी?"

तेव्हापासून तिने एक खूळ धरले. जाळे सोडण्याआधी वल्ह्याने डोंग्याचा काठ ठोकायची आणि थांबायची, पाणमांजरांनी बाजूला व्हावे म्हणून. ठोकतो आम्हीही, पण जाळे लावल्यावर. आवाजाने मासळी बिचकते आणि जाळ्यात शिरते. हिचे सगळे उलटे! मासळी आधीच पसार. घाटावर लोक विचारत, "काय वो वहिनी, मासळ्याईले आज सुटी देली का?" मी चिडायचो, ती ठोकायची. पण आमच्या जाळ्यात पुन्हा एकही पाणमांजर मेले नाही... हे लिहून ठेवावे असे वाटले, म्हणून हा कागद घेतला.

तेरवी झाल्यावर एकटाच निघालो. पुढे कोणी नाही, म्हणून डोंग्याचे नाक वर उचललेले, सरळ जाईना. डोहात मासळी दिसत होती, भरपूर. जाळे हातात घेतले... आणि खाली ठेवले. वल्ह्याने काठ ठोकला. मासळी गेली. पलीकडे झुडपाखाली पाणी हलले. ती थांबायची तेवढा थांबलो, मग जाळे सोडले. दोन बारक्या मासळ्या घेऊन परतलो. घाटावरचे सांगतात, पुढे एक धोंडा ठेव, डोंगा सरळ चालेल.

नाही ठेवणार. चालू दे वाकडा.