तिन्ही उपासनांचे गुणाजी पाटील

अमरावतीच्या आमच्या मंडळीत रविवारी तीन उपासना होत आणि गुणाजी पाटील तिन्हींना बसत. सकाळी इंग्रजी, मग तमिळ, आणि उन्हे कलली की मराठी. पाटलांना इंग्रजीचा शब्द कळत नसे, तमिळचा तर नाहीच. तरी इंग्रजी उपासनेत ते शेवटच्या खुर्चीवर पागोटे सावरून ताठ बसत, तमिळ उपासनेत खांबाला टेकून चटईवर बसत, आणि मराठी उपासनेत बहुधा त्यांना डुलकी लागे.

मी नगरकडून मिशनच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो आणि पहिल्याच रविवारी हा प्रकार पाहिला. उपासना सुटल्यावर त्यांना गाठून विचारले, "पाटील, ते इंग्रजी तुम्हाला समजतं का?"

"नाई बा."

"मग बसता कशाला?"

"देवाच्या घरी तीन पंगती उठून राह्यल्या, मास्तर. त्यातली माही कोणती, ते मले उमगत नाई. म्हणून तिन्हीत बसतो."

हे ते जरासुद्धा न हसता बोलले. माझ्या नगरी कानांना त्यांचे बोलणे फटकळ वाटे. पहिले काही महिने मी समजत होतो की हा मनुष्य सदा रागावलेला असतो.

त्यांचे गाव नांदगाव खंडेश्वरच्या पुढे होते. घरची काळी जमीन, पिढ्यान्‌पिढ्यांची पाटीलकी, धाकटा भाऊ नारायण हाताशी. रिद्धपूरच्या यात्रेत मिशनचा एक उपदेशक बोलत होता. पाटील त्याच्याशी वाद घालायला उभे राहिले, ते यात्रा उठेपर्यंत उभेच. वाद अपुरा राहिला म्हणून त्यांनी उपदेशकाला आपल्या बैलांच्या दमणीत घालून गावी नेले. असे वाद पुढे बरेच दिवस चालले आणि शेवटी पाटलांनी बाप्तिस्मा घेतला. त्याबद्दल कोणी विचारले तर म्हणत, "म्या हारलो नाई. थकलो."

पत्नी सगुणाबाई त्यांच्यामागून आल्या नाहीत, पण घर सोडूनही गेल्या नाहीत. पाटलांचे ताट ओसरीवर वाढले जाई. मुलगी काशी ते आणून ठेवी, जेवण झाले की पाटील स्वतः ते घासून कोनाड्यात उपडे घालत. "तिनं मले टाकलं नाई, म्या तिले ओढलं नाई," एवढेच ते या संसाराविषयी बोलत. गावानेही फार ताणले नव्हते, कारण पाटील अमरावतीला येत ते घरची भाकरी फडक्यात बांधून. मिशनच्या कोणाच्या घरी ते पाणीसुद्धा पीत नसत. देव बदलला तरी पाटील बाटला नाही, असे गावाने स्वतःला समजावून ठेवले होते.

तो काळ कापसाचा होता. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती आणि इकडे वऱ्हाडात ज्याच्या घरी बोंड होते तो सावकारासारखा चालत होता. मुंबईच्या पेढ्यांचे गोरे अडते अमरावतीत बंगले घेऊन राहिले होते. कामठीच्या छावणीतून बटलर, शिंपी, गाड्यांचे ठेकेदार अशी तमिळ ख्रिस्ती कुटुंबे कामाच्या शोधात आली होती. मराठी उपासनेत महारवाड्यातली बरीच घरे होती आणि कुणब्यांची दोन-तीन. आमचा पंथ प्रेस्बिटेरियन, म्हणजे मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील मिळून पाहत. पाळक स्कॉटलंडचे होते, त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. वडिलांमध्ये एक गोरा अडत्या, तमिळांचे म्हातारे पुढारी अरुळप्पा आणि मराठीचे गुणाजी पाटील.

एकदा त्या अडत्याने तक्रार केली की पाटील देवाच्या घरात पागोटे काढत नाहीत. दुभाषी मीच होतो. पाटलांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेबाले सांगा, तुमी डोकं उघडं करता, आमी पाय उघडे करतो. मी त्याच्या जोड्याले काही म्हणत नाई." मी तसेच्या तसे सांगितले. मोठे साहेब खिडकीबाहेर पाहू लागले, आणि तक्रार तिथेच राहिली.

तमिळ उपासना बाजारातल्या एका भाड्याच्या छपरीत होई. एका शनिवारी छपरीच्या मालकाने चटया, बाके, व्यासपीठ सगळे रस्त्यावर काढले आणि आत रुईच्या गासड्या रचल्या. त्याचा इलाज नव्हता. त्या दिवसांत अमरावतीत माणसापेक्षा कापसाला छप्पर आधी मिळे. दुसऱ्या दिवशी तमिळ मंडळी आमच्या आवारातल्या लिंबाखाली बसली; आवारातले दालन इंग्रजी आणि मराठी उपासनांचे, तिथे त्यांना कोणी बोलावले नाही. महिना चैत्राचा. अरुळप्पांची बायको थकलेली होती, गीत चालू असताना तिला घेरी आली. खांबाला टेकून बसायची सवय असलेले पाटील त्या दिवशी उभेच होते. त्यांनी तिला उचलून ओसरीवर आणले.

त्याच आठवड्यात वडिलांची सभा झाली. पाटील म्हणाले, "तिन्ही उपासना एक करा. दालन मोठं हाये, सारे मावतात."

अडत्याने मान हलवली. आपल्या गाड्या हाकणाऱ्यांच्या शेजारी बसून प्रार्थना करायला त्याचे भाईबंद येणार नाहीत, हे त्याने आडवळणाने सांगितले. अरुळप्पांची अडचण वेगळी होती. ते कामठीच्या हिंदुस्थानीत म्हणाले, "हम थोडे लोग हैं, पाटील. तुम्हारे में मिल गए तो हमारा गीत कौन गाएगा?"

मोठे साहेब म्हणाले, "पाटील, लोकांची मने अजून तयार झालेली नाहीत."

"मनं तयार होईलोक या म्हाताऱ्याची बायको उन्हात बसन," पाटील म्हणाले.

सभा काही न ठरवता उठली. बाहेर आवारात कोंडाजी उभा होता. हा कापसाच्या एका आवारावर राखणदार होता आणि आमच्या मराठी उपासनेत गीत तोच उचलून धरी. महारवाड्यातली सगळी घरे त्याच्या शब्दात होती. त्याने आतले बोलणे ऐकले होते.

"पाटील, एक इचारू?" तो म्हणाला.

"इचार न, कोंड्या."

"तमिळ लोकाइले आत घ्याची गोष्ट करून राह्यले तुमी. चांगलंच हाये. पण आमी त आतच हाओ. तरी प्रभुभोजनाचा पेला पह्यले तुमच्याकडं जाते, तुमच्या दोन घराइकडं जाते, अन्‌ मंग आमच्याकडं येते. आमचा उष्टा पेला तुमच्याकडं कधी आला नाई. हे काहून?"

प्रभुभोजनात सगळे एकाच पेल्यातून द्राक्षारसाचा घोट घेत, आणि तो कोणत्या क्रमाने फिरतो ही गोष्ट मंडळीतल्या प्रत्येकाला माहीत होती. मोठ्या साहेबांनाही माहीत होती. ती बोलून दाखवणारा कोंडाजी पहिला. पाटलांनी बैल जुंपायला सांगितले आणि गावी निघून गेले. पुढचे दोन रविवार ते आले नाहीत.

गावी काय झाले ते मला पुष्कळ नंतर त्यांच्याच तोंडून कळले. काशीची सोयरीक नांदगावच्या एका चांगल्या घरी ठरली होती. पाटलांनी सगुणाबाईंना मनातले सांगितले, तेव्हा त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पोरीचं लगन होऊ द्या आदी. मंग ज्याचा पेला प्याचा त्याचा प्या."

मला आजही वाटते, सगुणाबाईंचे म्हणणे गैर नव्हते. मी ते पाटलांनाही बोलून दाखवले. ते म्हणाले, "लगन झालं असतं, त मंग बाळंतपण निंगालं असतं. मंग नारायणाच्या पोराचं लगन. म्या मले ओळखतो, मास्तर." काशीला मात्र कोणी काही विचारले नव्हते.

तिसऱ्या रविवारी पाटील आले ते सरळ मोठ्या साहेबांकडे गेले. "उपासना एक करा," ते म्हणाले, "अन्‌ पेला कोंडाजीपासून सुरू करा. त्याच्यानंतर मी घेईन." साहेबांनी वडिलांची सभा पुन्हा बोलावली. या खेपेस अडत्या एकटा पडला. अरुळप्पांनी अट घातली की एक गीत तमिळमध्ये होईल आणि ते सगळ्यांनी म्हणायचे. पाटलांनी लगेच कबूल केले.

ती पहिली एकत्र उपासना सरळ पार पडली असे मी म्हणणार नाही. अर्धेअधिक गोरे आलेच नाहीत. जे आले त्यांच्या खुर्च्या आणि आमच्या चटया यांत वाट कुठे ठेवायची यावरून खोळंबा झाला. उपदेश तीन भाषांत तुकड्या-तुकड्याने झाला आणि फार लांबला. तमिळ गीत अरुळप्पांनी एकेक ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी म्हणायची असे ठरले होते; आमच्या लोकांनी त्याचे जे काही केले त्याने अरुळप्पांच्या नातवंडांना हसू आवरेना. स्वतः अरुळप्पा मात्र डोळे मिटून गात होते.

मग प्रभुभोजन. मोठ्या साहेबांनी पेला कोंडाजीच्या हातात दिला. त्याने घोट घेतला आणि पेला धरून तसाच उभा राहिला. पाटलांपुढे करायचे त्याला धाडस होईना. पाटील चटईवरून उठले, त्याच्यापाशी गेले आणि दोन्ही हातांनी पेला घेऊन प्यायले. मग तो त्यांनी अरुळप्पांच्या बायकोला दिला. कुणब्यांची दोन घरे मात्र पेला येण्याआधी उठून गेली, ती परत आली नाहीत.

पाटलांची दमणी गावात शिरण्याआधी बातमी शिरली होती. विहिरीवर त्यांचा दोर कोणीतरी कापून टाकला होता. न्हावी यायचा बंद झाला. नारायणाने पाटीलकी आपल्याकडे घेतली, आणि पाटलांनी ती भांडल्याशिवाय दिली. नांदगावची सोयरीक मोडली. सगुणाबाई काशीला घेऊन अंजनगाव सुर्जीला माहेरी गेल्या. जाताना त्यांनी ओसरीवर पाटलांसाठी पिठाचा डबा भरून ठेवला होता.

पाटील अमरावतीला आले आणि मिशनच्या आवारातल्या एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक त्यांना येत नव्हता. पहिले काही दिवस त्यांनी हरभरे खाऊन काढले. मग कोंडाजीची बायको त्यांना वाढू लागली. कोंडाजीला ते आता कोंडाजीबुवा म्हणत. त्याला हे अवघड जाई. "पाटील, नुसतं कोंडाजी म्हना," तो म्हणे. "तुमी मले पाटील म्हणनं सोडा, मंग मी पाहीन," पाटील ऐकवत. दोघांनीही शेवटपर्यंत सोडले नाही.

वर्षभराने कळले की काशीचे लग्न अंजनगावला मामाच्या घरून लागत आहे. पाटलांना बोलावणे नव्हते. तरी ते गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "बाजारात एका तेल्याच्या दुकानात बसलो होतो. वरात समोरून गेली."

"कोणी ओळखलं का?"

"साऱ्याइनं ओळखलं. कोणी बोललं नाई." मग पागोटे काढून ठेवताना म्हणाले, "पोरगी चांगली दिसत होती."

अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव बसला. अडते बंगले सोडून मुंबईला गेले. आगगाडी बडनेऱ्याला आली तशी तमिळ कुटुंबांतली तरुण मुले रेल्वेच्या कामावर पांगली. छपऱ्या आता हव्या तितक्या मोकळ्या होत्या, पण तीन उपासना करण्याचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. माझी बदली अकोल्याच्या शाळेवर झाली. निघताना मी पाटलांना विचारले, "घर गेलं, पाटीलकी गेली. मागं पाहून काय वाटतं?"

"काशीचं वाईट वाटते," ते म्हणाले. "बाकी बरं हाये."

ते वारले तेव्हा मी अकोल्याहून आगगाडीने बडनेऱ्याला उतरून आलो. दालनात उपासना सुरू व्हायची होती, शवपेटी समोर ठेवली होती. एवढ्यात फाटकापाशी एक दमणी थांबली. काशी उतरली, मागे तिचा नवरा. ती फाटकातून आत आली, पण दालनाच्या पायरीपाशी थांबली. नवे पाळक बाहेर गेले आणि त्यांनी तिला आत यायला सांगितले.

"मले आत नाई येता येत," ती म्हणाली. "मी सासरी सांगून नाई आली. इथूनच पाहते."

कोंडाजी दारातच होता. तो आत वळला आणि म्हणाला, "पेटी बाहेर घ्या. उपासना आवारात करू." पाळक काही बोलण्याआधी चौघांनी पेटी उचललीसुद्धा. मागून सगळी मंडळी बाहेर आली आणि उन्हात उभी राहिली. अरुळप्पांच्या मुलाने तमिळ गीत सुरू केले आणि आता ते आमच्या लोकांना चांगले म्हणता येत होते. काशी पदर तोंडाला लावून शेवटपर्यंत उभी होती.

उपासना संपल्यावर ती माझ्याकडे आली. मास्तर म्हणून माझे नाव तिने ऐकले असावे. तिने हळूच विचारले, "याइच्यातला कोंडाजी कोणता?"

मी दाखवला. पेटीच्या डोक्याकडची बाजू खांद्यावर घेऊन तो उभा होता. काशीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. पेटी कबरस्तानाच्या वाटेला लागली तेव्हा नवरा दमणीकडे वळला, तर ती म्हणाली, "थांबा जरा," आणि बायांच्या मागोमाग चालू लागली.