आपल्याच पलटणीचा गोळीबार

सांगलीत आमच्या लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर एक बाक आहे. दर पंधरा दिवसांनी त्यावर बसलं की किस्से लय जमतात. घरी जे झाकतो, ते तिथं आपसूक बाहेर पडतं.

पाटणच्या अक्का नवऱ्याला घेऊन येतात. बाईंनी त्याला विचारलं, "किती घेता?"

"फक्त जत्रंला."

अक्का म्हणाल्या, "आवं, तालुक्यातल्या सगळ्या जत्रांला!"

आमचे मालक फौजेतून सुभेदार होऊन घरी उंब्रजला आले. हातात फौजी कॅन्टीनचं कार्ड, दारू स्वस्तात, मग काय विचारता. डोळे पिवळे पडले म्हणून रक्त तपासलं, तर पहिला रिपोर्ट त्यांनी स्वतःच वाचला. पांढऱ्या पेशी वाढलेल्या. लगेच मित्राला फोन. "गड्या, भरती वाढलीया. बंदोबस्त चोख हाय." मला ते पटलं होतं, हे कबूल करते.

बाईंनी दोघांनाही जमिनीवर आणलं. "सुभेदार, दारूनं आतडं झिरपायला लागतं. तिथले जंतू लिव्हरमध्ये जातात. पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, आणि त्यात लिव्हरच जळतं."

"म्हंजी आपलीच पलटण आपल्याच गावावर गोळ्या झाडती?"

"हो. आणि ऑर्डर कोण देतं?"

सुभेदारांनी त्याच दिवशी कार्ड माझ्या हातात दिलं.

पण महिना झाला तरी यांचे डोळे पिवळेच. माझं डोकं फिरलं. लपवलेल्या बाटलीसाठी कडब्याची गंज उपसली, धान्याची पिंपं, माझी ट्रंकसुद्धा. रोज सकाळी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे. काही सापडेना, म्हणून भीती जास्तच. शेवटी बाकावर सगळ्यांदेखत मीच म्हणाले, "हे चोरून पित्यात."

बाई बाहेर आल्या. "दारू थांबली तरी आतला गोळीबार लगेच थांबत नाही. वेळ लागतो. कधी कधी तर थांबतच नाही. आणि आता कधीच एक घोटही चालणार नाही."

अक्का माझ्या कानाशी आल्या. "आता त्यांचं तोंड हुंगू नगं, बाई."

परत येताना एसटीत ते वेगळ्या सीटवर बसले. मी वास घेणं सोडलं. झोप मात्र लागेना.

मग आमची जत्रा आली. दुपारी चार मित्र आले, हे त्यांच्याबरोबर गेले. मी भाकरी थापत होते, दोन करपल्या. दिवेलागणीला हे आले, चुलीसमोर सावधान उभे राहिले, वाकले आणि तोंड उघडलं.

"घे वास."

मी घेतला. "कांदा."

"आनि?"

"कांदाच."

ते हलले नाहीत.

"परत घे."